सहीचा रकाना

गेल्या महिन्यातील एका गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मी आमच्या भाषा विभागाच्या व्हॉट्सॲप-ग्रुपवर एक सूचना धाडली. येत्या रविवारी महाविद्यालयात एका स्पर्धा परीक्षेचे केंद्र आहे, तरी पुढील तीन जणांनी पर्यवेक्षणासाठी सकाळी आठ वाजता उपस्थित राहावे, नोंद घ्यावी. असल्या सूचना लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि 'नोंद घ्यावी' हे दोन शब्द लिहून झाले, की आपले कर्तव्य संपले अशा समाधानात मी निद्राधीन होतो. त्या रात्री मात्र दिवा मालविण्यापूर्वीच मोबाइल किणकिणला. त्या तीन नावांपैकी एक नाव तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आमच्या एका तरुण सहकारी बाईंचे होते. त्यांनी लिहिले होते, "सर, मागचे तीन रविवार मीच होते. या वेळीही मीच का?"

एवढेच. ना मायना, ना 'कृपया', ना शेवटी जोडलेले ते पिवळे हात. आणि हे खाजगीत नव्हे. ग्रुपवर, एकोणीस माणसांच्या देखत! माझ्या सूचनेपुढच्या दोन खुणा पाहता पाहता निळ्या झाल्या. म्हणजे सर्वांनी ती वाचली होती, आणि अर्थातच तिच्याखालचा तो प्रश्नही. पण कोणी चकार शब्द काढला नाही. रात्री साडेनऊ वाजता एकोणीस माणसे आपापल्या घरी अंथरुणावर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत आहेत, असा मला भास झाला. मी तीन उत्तरे लिहिली आणि तिन्ही पुसून टाकली. पहिले रागाचे होते, दुसरे उपरोधाचे होते, आणि तिसरे इतके सभ्य होते, की ते पहिल्या दोहोंपेक्षाही वाईट होते. अखेर मोबाइल पालथा घातला आणि दिवा मालविला.

अंधारात पडल्या पडल्या माझ्या मनात आले, की त्या प्रश्नात रागावण्यासारखे होते तरी काय? तीन रविवारांचा तो हिशेब खरा की खोटा हे मला ठाऊकसुद्धा नव्हते. मग झोंबले ते काय? झोंबले ते हे, की सूचनेला प्रश्न विचारता येतो ही गोष्टच माझ्या हिशेबी नव्हती. तीस वर्षांच्या नोकरीत मी तो कोणाला विचारला नव्हता. मी ज्या शाळेत नोकरी शिकलो तिच्यात प्रश्नाला जागाच नव्हती. आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कागदावर तेवढी जागाच सोडलेली नव्हती.

मी नोकरीस लागलो १९९२ साली, सांगलीस. त्या काळी कचेरीतून कोणतीही गोष्ट प्राध्यापकांस कळवावयाची असली, म्हणजे नोटिशीची वही फिरे. तांबड्या कापडी पुठ्ठ्याची, बोटाएवढी जाड, कोपरे झिजून मऊ झालेली ती वही अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. डाव्या पानावर हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात मजकूर असे : 'सर्व प्राध्यापकांस कळविण्यात येते की...' उजव्या पानावर तीन रकाने असत : अनुक्रमांक, नाव आणि सही. चौथा रकाना नव्हता. वाचावे, सही करावी आणि वही परत द्यावी.

ही वही घेऊन येणारे शिपाई आम्हा सर्वांचे 'मामा' होते. आमच्या बाजूस एस.टी.चा कंडक्टर असो वा कॉलेजचा शिपाई असो, वयाने थोडा पोक्त झाला, की तो सर्वांचा मामा होतो. मामांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. पण वही फिरविण्याची त्यांची कला एखाद्या मुत्सद्द्याला शोभण्यासारखी होती. तास चालू असतानाच ते दाराशी येऊन उभे राहिले, की समजावे, बातमी सुटीची आहे. तास संपेपर्यंत ते व्हरांड्यात घुटमळत राहिले, तर काही अप्रिय वाचावयाचे आहे हे खचित. वही पुढे करताना ते कधी 'किरकोळ आहे, सर' म्हणत, तर कधी 'साहेब सकाळपासून तापलेत' असे हलक्या आवाजात सांगत. मजकूर वहीत असे. त्याचा अर्थ मामांच्या चेहऱ्यावर असे. हेडक्लार्कने 'ताबडतोब' हा शब्द ज्या धारेने लिहिलेला असे, ती धार मामांच्या हातून आमच्यापर्यंत येईतो बरीचशी बोथट होऊन जाई.

'कळविण्यात येते' या शब्दांची मौज मला फार उशिरा कळली. मी इंग्रजीचा प्राध्यापक. विद्यार्थ्यांना कर्मणी प्रयोग शिकविण्यात माझे आयुष्य गेले. पण कोण कळविते, हे त्या वाक्यात कोठेच नसते. पावसाळ्यात पाऊस यावा, तशी ती आज्ञा येते. तिच्यावर रागवावे तरी कोणावर? आणि तिला काही विचारावे तरी कोणास?

आपल्या भाषेत ही रीत आजकालची नव्हे. मराठीत पत्राला मजकुराआधी मायना लागतो. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, बरोबरीच्याला राजमान्य राजश्री. कोणी कोणास कोणत्या शब्दांनी लिहावे याचे नमुने हेमाडपंताच्या नावावर चालत आलेल्या 'मेस्तकां'त घालून दिलेले आहेत. म्हणजे कचेरीतला शिष्टाचार हा आपल्याकडे पाठ करावयाचा विषय फार पूर्वीपासून आहे. १७०८ साली शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. तेव्हापासून या गावाने किती मोडी कागद लिहिले आणि वाचले असतील याची गणती नाही. पत्र लिहून संपले, की त्याच्या अखेरीस मोर्तब होई. शिवछत्रपतींच्या मोर्तबाचे शब्द होते, 'मर्यादेयं विराजते'. येथे मर्यादा शोभते, असा त्याचा अर्थ. त्यातला व्यवहारी हेतू असा, की मजकूर येथे संपला. या खाली कोणी अक्षर वाढवू नये. बनावट टाळण्यासाठी ही योजना उत्तम होती. पण मला त्या रात्री वाटून गेले, की माझे 'नोंद घ्यावी' हेसुद्धा एक मोर्तबच आहे. मर्यादेचा तेवढा शिक्का उठविला, की खाली कोणी अक्षर वाढवू नये अशी माझी अपेक्षा. आणि या बाईंनी तर शिक्क्याखालीच एक ओळ लिहिली!

मामा २०१० साली निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी माझी बदली साताऱ्यास झाली. साताऱ्याच्या कॉलेजातही तशीच वही होती. पण ती फिरविणारा माणूस आज एक, उद्या दुसरा. मग कचेरीतून मोबाइलवर चार शब्द येऊ लागले. २०१५ च्या आसपास कोणी तरी ग्रुप काढला. काही दिवस वही आणि ग्रुप दोन्ही चालले. लग्नघरात जुनी आणि नवी सून नांदावी तशी. २०२० च्या मार्चात टाळेबंदी आली, आणि वही कपाटात गेली ती गेलीच.

शुक्रवारी सकाळी मी कॉलेजात गेलो, तेव्हा माझ्या आधीच तो विषय प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन बसला होता. माझ्या वयाच्या एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांत्वन केले. "आमची अशी प्राज्ञा नव्हती," ते म्हणाले. "या पिढीला अंगठा दाखवायला तेवढे येते." हे अंगठ्याचे प्रकरण आमच्याकडे फार दिवसांचे आहे. तरुण मंडळी कोणत्याही सूचनेला एक उभा अंगठा पाठवितात. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ 'समजले, येतो' इतकाच. पण ज्यांच्या लहानपणी अंगठा उठविणे म्हणजे निरक्षर असणे, आणि अंगठा दाखविणे म्हणजे तोंडघशी पाडणे, त्यांना एम.ए., पीएच.डी. झालेल्या माणसाने अंगठा पाठवावा याचे दुःख होणारच. उलट हेच माझे सहकारी रोज पहाटे साडेपाच वाजता कमळाच्या चित्रावर सुविचार छापून ग्रुपवर सोडतात, आणि त्यामुळे एखाद्या तान्ह्या मुलाच्या आईची झोप मोडते हे त्यांच्या गावीही नसते. मी हे एका तरुण प्राध्यापकाजवळ बोललो, तेव्हा तो हसला आणि मग जरा संकोचाने म्हणाला, "सर, राग मानू नका. पण तुमचे 'नोंद घ्यावी' वाचले, की छातीत धस्स होते. वाटते, काही तरी चुकले आपले." मी चकित झालो. मला तो शब्द सभ्यतेचा वाटत होता.

नव्या साधनाला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांतून शिरले, तेव्हा मी साताऱ्यास होतो. जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर रात्रभर निरोप येत होते : अमुक सर दुसऱ्या मजल्यावर आहेत, तमुक बाईंच्या सासऱ्यांना औषध हवे आहे, होडी अमक्या गल्लीच्या तोंडाशी आली आहे. त्या रात्री कोणी कोणास मायना लिहिला नाही, आणि कोणाला त्याची उणीवही भासली नाही. तांबड्या पुठ्ठ्याच्या वहीने त्या रात्री काय केले असते? ती आधी भिजली असती.

मग जुन्या वहीत असे काय होते, की ज्याची मला अजून हुरहुर वाटते? याच विचारात मी त्या दिवशी संध्याकाळी फिरावयास निघालो आणि नेहमीच्या सवयीने अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील चार भिंतींपाशी जाऊन बसलो. १८५७ च्या हुतात्म्यांचे ते स्मारक. तेथे बसले, की रंगो बापूजींची आठवण होतेच. १८३९ साली कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीस धाडले, तेव्हा महाराजांची बाजू मांडण्यासाठी हा गृहस्थ लंडनला गेला आणि सुमारे चौदा वर्षे तेथे राहिला. ज्यांच्यासाठी तो गेला ते महाराज १८४७ साली काशीस वारले. सातारचे राज्यही खालसा झाले. तरी हा कंपनीच्या दाराशी उभाच. गंमत अशी, की ती लंडनची कचेरी माझ्या फार परिचयाची. चार्ल्स लॅमने तेथे तेहेतीस वर्षे, १८२५ पर्यंत, कारकुनी केली. लॅम शिकविताना मी त्या कचेरीचे, तिथल्या उंच मेजांचे आणि जाड वह्यांचे वर्णन नेहमीच मोठ्या आपुलकीने करीत आलो. पण वर्गात मी सदैव लॅमबरोबर मेजाच्या आतल्या बाजूस बसलेला असतो. बाहेरच्या बाजूस, उत्तराची वाट पाहत, माझ्याच गावचा एक माणूस इतकी वर्षे उभा होता, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या तोंडून वर्गात निघाले नव्हते. आज्ञा खाली यावयास वेळ लागत नाही. प्रश्न वर जावयास मात्र माणसाला सात समुद्र ओलांडावे लागतात, आणि तरीही न्याय मिळतोच असे नाही.

तेथे बसलो असताना मला माझी स्वतःची एक गोष्ट आठवली. ती मी आजवर लिहिली नव्हती.

१९९४ सालचा मार्च. वडिलांना गावाहून आणून मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. दुपारी मामा वही घेऊन आले. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेवर पर्यवेक्षक म्हणून माझे नाव होते. नोकरी पक्की झालेली नव्हती. मी मजकूर वाचला आणि सही केली. कोणास काही बोललो नाही. बोलावयाचे असते हे सुचलेच नाही. सहीचा रकाना होता, सही केली. मामांनी वही मिटली आणि ते गेले. रात्री आठाच्या सुमारास मी दवाखान्यात जावयास निघणार, तो मामा सायकल हाणीत माझ्या खोलीवर आले. "उद्या येऊ नका, सर," ते म्हणाले. "साहेबांच्या कानावर घातलंय. दुसरे सर बसतील तुमच्या जागी." एवढे सांगून, पाणीही न घेता, ते परत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना आत नेण्यापूर्वी त्यांनी माझा हात धरला होता. पुढे ते शुद्धीवर आले नाहीत. तो हात धरणे मला मिळाले ते मामांमुळे.

ही गोष्ट आठवून माझे डोळे भरून आले, आणि आता या निबंधाचा शेवट जुन्या काळाच्या स्तुतीत करावयास काही हरकत नव्हती. पण त्याच क्षणी दुसरी एक आठवण पहिलीच्या मागून आली, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच कॉलेजात रसायनशास्त्राचे एक अबोल प्राध्यापक होते. कसल्याशा क्षुल्लक कारणावरून मामांचे आणि त्यांचे बिनसले होते. वही त्यांच्याकडे नेहमी शेवटी जाई, आणि ती जाताना मामांच्या चेहऱ्यावर कसलाच अर्थ नसे. सलग कित्येक दिवाळ्यांच्या सुटीत प्रयोगशाळेचे काम त्यांच्याच वाट्याला आले. त्यांच्याही घरी आजारी आई होती. तेही सही करीत. त्यांच्यासाठी रात्री सायकल कोणी हाणली नाही. आम्ही सर्व ते पाहत होतो आणि 'स्वभाव आहे एकेकाचा' म्हणून चहा पीत होतो. पुढे ते नोकरी सोडून गेले.

तेव्हा वहीला चौथा रकाना नव्हता असे मी वर लिहिले, ते पुरते खरे नाही. चौथा रकाना होता. तो म्हणजे मामा. पण तो सर्वांसाठी उघडत नसे. ज्याच्याकडे मामांचे लक्ष गेले त्याचे दुःख साहेबांपर्यंत पोहोचे. ज्याच्याकडे गेले नाही, त्याचे सहीखाली गाडले जाई. आम्हाला मिळत होती ती कृपा होती. कृपा ही फार सुंदर वस्तू आहे, पण तिची मागणी करता येत नाही आणि तिचा हिशेब मागता येत नाही. या बाई मागत होत्या तो हिशेब. आम्ही ज्याला आपल्या पिढीची अदब म्हणतो, तिच्यात थोडी अदब होती, थोडी भीती होती, आणि आपल्या वतीने कोणी तरी बोलेल ही आशा होती. ज्यांच्या वतीने बोलावयास आता कोणी मामा उरलेला नाही, त्यांनी स्वतः न बोलावे, ही आमची अपेक्षा मात्र तशीच्या तशी राहिली आहे.

शनिवारी सकाळी कचेरीत जाऊन मी हजेरीची नोंद काढविली. बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तिन्ही रविवार त्याच. हे घडले कसे, याचा शोध लावताना मला माझीच लाज वाटली. मी दर वेळी मागची सूचना उचलून, तारीख तेवढी बदलून, पुन्हा धाडीत होतो. हेडक्लार्कला दर नोटिशीत नावे हाताने लिहावी लागत. चौथ्यांदा तेच नाव लिहिताना त्याचा हात अडखळला असता. माझे बोट अडखळले नाही, कारण बोटाला काही लिहावेच लागले नव्हते.

मी बाईंना भेटलो. चूक कबूल केली, आणि जुन्या सवयीने विचारले, "पण रविवारी काही अडचण होती का?" त्या क्षणभर थांबल्या. आवाज न चढविता म्हणाल्या, "कारण सांगायलाच हवं का, सर? तीन रविवार पुरेसे नाहीत का?" मी निरुत्तर झालो. कारण मला नंतर दुसऱ्याकडून कळले. त्या रोज कऱ्हाडहून येतात, आणि तासिकांच्या मानधनात महिना निघत नाही म्हणून रविवारी तेथे खाजगी वर्ग घेतात. तीन रविवारांची ती मिळकत माझ्या बोटाच्या आळसापायी बुडाली होती. हे त्यांनी मला सांगितले नाही. सांगितले असते, तर मी दयेने विरघळून गेलो असतो आणि माझ्या थोरपणाचे मलाच कौतुक वाटले असते. त्यांनी ती संधी मला दिली नाही, हे बरेच झाले.

त्या दुपारी मी ग्रुपवर लिहिले, "मागील तिन्ही रविवारी बाईच होत्या. यादी करताना चूक माझी झाली. उद्या त्यांच्याऐवजी मी येईन." कर्तरी प्रयोगात लिहिलेली माझ्या हयातीतली ती पहिलीच सूचना असावी. मिनिटाभरात पाचसात अंगठे उगवले. त्यांचा मला प्रथमच राग आला नाही.

पुढे पंधरा दिवसांनी एका समितीच्या कामासाठी सांगलीस जावयाचे होते. मुद्दाम आगगाडीने निघालो, आणि वाटेत किर्लोस्करवाडीला उतरलो. मामांचे गाव तेथून जवळच आहे. हे स्टेशन पूर्वी कुंडल रोड म्हणून ओळखले जाई. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या साहाय्याने येथल्या ओसाड माळावर नांगरांचा कारखाना उभारला. सुरुवातीस माणसे मोजकी. मालकाला यंत्राशेजारी उभे राहून प्रत्येकाशी बोलता येत असे. वस्ती वाढली, गिऱ्हाइके दूरदूरची झाली, तेव्हा लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे एक छोटे पत्र सुरू केले. कारखान्याची बातमी आपल्या माणसांना व गिऱ्हाइकांना कळावी, एवढाच त्याचा मूळ हेतू. पण छापलेल्या पत्राचा गुण असा, की वाचणारा कधी तरी लिहूही लागतो. बाहेरचे लेखक आले, बाहेरचे वाचक आले, नावातली 'खबर' गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले, आणि त्याच माळावरून १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली. कारखान्याची एक नोटीस म्हणून जे सुरू झाले, ते महाराष्ट्राच्या घराघरांतले संभाषण होऊन बसले. त्याच औंध संस्थानाच्या राजाने १९३९ साली आपला कारभार गावोगावच्या पंचायतींकडे सोपविणारी घटना स्वीकारली. सहीचा रकाना काढून घेऊन लोकांच्या हाती सगळे पानच देणारा राजाही आमच्याच मुलखात होऊन गेला, हे गाडीतून उतरताना मनाला बरे वाटले.

मामा आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. द्राक्षबागेच्या कडेला मुलाने बांधलेल्या घराच्या ओसरीवर ते बसले होते. चहा झाला. इतक्या वर्षांत जे विचारावयाचे राहिले होते ते मी विचारले. "मामा, वडील दवाखान्यात आहेत हे मी कॉलेजात कोणाला सांगितले नव्हते. तुम्हाला कळले कसे?"

"दवाखान्याचं मागनं कळलं, चौकशी केल्यावर," मामा म्हणाले. "पर सही करताना तुमचा हात थांबला हुता, सर. एरवी तुमची सही कशी सर्रकन् व्हायची. त्या दिवशी पेन टेकवून बसला."

मी त्यांना ग्रुपची हकीकत सांगितली. बाईंचा प्रश्न सांगितला, माझा रागही सांगितला. त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, आणि विचारले, "ह्येच्यात कुणाचा हात थांबल्याला दिसतो का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग त्यास्नी बोलायलाच पायजे की," मामा म्हणाले, आणि मोबाइल मला परत दिला. रसायनशास्त्राच्या त्या प्राध्यापकांविषयी विचारावे असे माझ्या फार मनात होते. पण धीर झाला नाही. उठता उठता मामाच म्हणाले, "सगळ्यांचंच हात बघितलं न्हाईत म्या, सर. खोटं कशाला बोलू?"

आताशा मी सूचनेखाली 'नोंद घ्यावी' असे लिहीत नाही. स्वतःचे नाव लिहितो, आणि 'अडचण असल्यास येथे किंवा मला वेगळे सांगावे' एवढी ओळ घालतो. याचा परिणाम असा झाला आहे, की पूर्वी पाच मिनिटांत होणारी रविवारची यादी करावयास आता तासभर लागतो. कोणी सांगतो, मला जमणार नाही. कोणी विचारतो, मागच्या वेळी कोण होते. आणि माझे ते कमळवाले सहकारी म्हणतात, तुम्ही मंडळींना डोक्यावर चढवून ठेवले आहे. ते खरेही असेल. मी मात्र एक कोरी वही आणली आहे आणि तिच्यात कोण कोणत्या रविवारी आले ते हाताने लिहून ठेवतो. तिला चार रकाने आखले आहेत. चौथा पुष्कळदा रिकामा राहतो. पण आखताना तो सोडावयाचा नाही, एवढे मी ठरविले आहे.